चौसष्ट पावलं

परबभाऊजी बसमधून सरळ कधी उतरायचे नाहीत. कंपनीची बस संध्याकाळी आमच्या बिल्डिंगसमोर थांबायची, दार उघडायचं, आणि हे गृहस्थ शेवटच्या पायरीवर एक पाय अधांतरी धरून उभे. मागे तीस माणसं डबे घेऊन ताटकळलेली, सौदीतल्या जुबैलची भट्टीसारखी हवा बसमध्ये घुसतेय, आणि यांचे ओठ हलतायत. "पाच, सहा, सात, आठ." आठ झाले की उतरायचे. मधे कुणी धक्का दिला तर परत एकपासून. ड्रायव्हर खान पेशावरचा, देवमाणूस, पण नमाजाची वेळ टळेल म्हणून त्याचाही जीव मेटाकुटीला यायचा. "परब साब, यल्ला, खलास करो, मगरिब निकल जाएगी."

मी चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून हे रोज बघायचे. मी कोल्हापूरची. इथल्या इंडियन स्कूलमध्ये आठवी-नववीला गणित शिकवते आणि तोंडाने फटकळ आहे असं सगळे म्हणतात. मीही नाही म्हणत नाही. एक दिवस लिफ्टमध्ये त्यांना गाठलं आणि विचारलंच. "परबभाऊजी, हे काय चालवलंय? डॉक्टरला दाखवा की."

ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, मधेच थांबायची सवय लागली ना, तर तिकडे माणसं एकमेकांवर आदळतात."

कुठली माणसं, कुठे आदळतात, काही सांगायला नको. लिफ्ट चौथ्यावर आली, दार उघडलं, आणि आम्ही दोघं आत उभे. पाच, सहा, सात, आठ. मग बाहेर.

केशव परब, गाव कुडाळ. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न, अंगाने काटकुळे. केसांना कलप लावायचे आणि मिशी विसरायचे, त्यामुळे वरून चाळिशीचे आणि खालून साठीचे दिसायचे. माझा नवरा अविनाश त्यांच्याच हाताखाली, कंपनीच्या प्लांटवर, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. परबांचा विषय काढला की तो हात जोडायचा. "माणूस चक्रम आहे, पण कामात बाप आहे." बावीस वर्षं सौदीत होते, त्यातली शेवटची नऊ आमच्या समोरच्या दारात, एकटे. उकडा तांदूळ, पेज आणि तळलेला बांगडा यांपलीकडे स्वयंपाक नाही. बांगड्याचा वास आमच्या पडद्यांत बसलेला असायचा. माझी मुलगी ऋचा म्हणायची, "आई, आय स्मेल लाइक परबकाका."

आणि त्यांचा एक शब्द होता: "आठात बसता काय?" आठाच्या मापात बसतं का, असं कशालाही. मी शाळेच्या समारंभासाठी भाषण लिहिलं तर, "वहिनी, आठात बसता काय?" अविनाशने नवीन सोफा आणला तर त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून, "आठात बसता काय?" इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, नूतनीकरणासाठी सरकारी कचेरीत गेले, तिथल्या साहेबाने कागदावर चार शिक्के मारले, तर हे खिडकीतून हटेनात. आणखी चार मारतो का बघत होते.

आता या खुळाचं मूळ सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना नुसतेच वेडे समजाल.

त्यांच्या बायकोला, मालतीताईंना, कंपवात झालेला. लग्नानंतर काही वर्षांनी त्या एकदा वर्षभर इकडे येऊन राहिल्या होत्या, पण करमलं नाही. "समुद्र आसा, पण तेका वासच नाय," असं म्हणून परत गेल्या त्या गेल्याच. सहा वर्षांपूर्वी हात थरथरायला लागला. मग पाय. पाय म्हणजे दुखत नसत, जमिनीला चिकटत. उठून उभ्या राहायच्या, चालायचं मनात असायचं, आणि पाय हलायचाच नाही. पाच-पाच मिनिटं तशाच उभ्या. कुडाळच्या घरी त्या आणि त्यांची धाकटी बहीण शालन, विधवा, दोघीच. परब वर्षातून एकदा, गणपतीला, तीन आठवडे जायचे. परत आले की कॉरिडॉरमध्ये भेटेल त्याला विचारायचे, कंपवातावर काही माहीत आहे का. मल्याळी नर्सला विचारलं, इजिप्शियन फार्मासिस्टला विचारलं, पाणी टाकायला येणाऱ्या बंगाल्यालासुद्धा विचारलं. त्या माणसाला दुसरं काही मागायचंच नव्हतं. मालूने पलंगावरून उठून ओटीपर्यंत चालत जावं आणि परत यावं, एवढंच.

परब पेटी वाजवायचे. इथे आम्ही चार मराठी घरं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये पडदे ओढून भजनाला बसतो, तिथे पेटीवर तेच. हात सुरेख, पण एक खोड. एखादी ओळ काळजाला भिडली की परत घ्यायचे, आणखी एकदा, आणखी एकदा, डोळे मिटून. आत भात गार व्हायचा आणि आमच्या टाळ्या थकायच्या.

तर प्लांटच्या ट्रेनिंग विभागात वॉल्टर म्हणून एक म्हातारा अमेरिकन होता. पलीकडच्या गोऱ्या लोकांच्या कंपाउंडमध्ये तो दर गुरुवारी संध्याकाळी नाच भरवायचा, त्याला कॉन्ट्रा डान्स म्हणतात. दोन लांब रांगा समोरासमोर, प्रत्येकाला एक जोडीदार, वॉल्टर माइकवरून पुढची चाल पुकारणार आणि लोक तालात चालणार. नाच कसला, चालणंच ते, मधून एक गिरकी. त्यांचा अकॉर्डियनवाला फायनल एक्झिट घेऊन कायमचा मायदेशी गेला. कुणीतरी वॉल्टरला सांगितलं, परबकडे वाऱ्यावर वाजणारी एक पेटी आहे. परब गेले. तिथे एक आयरिश सेफ्टी ऑफिसर फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायचा, एक फिलिपिनो टेक्निशियन गिटार, आणि त्या दोघांच्या मधे मांडी घालून आमचे परब.

पहिल्याच दिवशी गोंधळ. त्या नाचाचं संगीत म्हणजे दोन कडवी. पहिलं दोनदा, दुसरं दोनदा, की एक फेरी पुरी. फेरीची पावलं चौसष्ट, आठ-आठ पावलांच्या आठ ओळी, ना एक कमी ना एक जास्त. चौसष्टाव्या पावलाला प्रत्येक जोडी पुढच्या जोडीसमोर पोचलेली हवी. परबांना तिसऱ्या फेरीत एक ओळ भिडली. डोळे मिटले, आणि घेतली परत. डोळे उघडले तेव्हा चाळीस माणसं भलत्याच माणसांच्या मिठीत होती. एक इंग्रज अकाउंटंट दाराबाहेर जाऊन पोचला होता. वॉल्टर जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मिस्टर परब, ब्यूटिफुल. बट सिक्स्टी-फोर."

परब त्याच दिवशी सोडणार होते. पण वॉल्टरच्या बायकोला त्यांनी तिथे पाहिलं. तिलाही कंपवात. खुर्चीपासून पाण्याच्या टेबलापर्यंत जायला तिला दोन माणसं लागत होती. आणि वाजवणं सुरू झालं तशी ती वॉल्टरचा हात धरून उभी राहिली आणि चालायला लागली. रांगेतून खाली गेली, वर आली, वळली, पाय कुठे अडला नाही. संगीत थांबल्यावर परत तशीच, खुर्चीला खिळलेली. वॉल्टर म्हणाला, आतून हुकूम येत नाही तेव्हा बाहेरचा ताल पायाला हुकूम देतो, डॉक्टरांनीच सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी परब आमच्याकडे आले ते चपला न घालताच. मला म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे आलेखाच्या वह्या असतात ना? सगळ्या द्या." नववीच्या मुलांच्या उरलेल्या सात वह्या दिल्या. सहा महिन्यांत त्या भरल्या. एक चौकोन म्हणजे एक पाऊल. फिडलवाल्याकडून चाली ऐकायच्या आणि सारेगममध्ये लिहून काढायच्या. कुठे नुसती गिटार, कुठे पेटीचा एकच लांब सूर, कितव्या फेरीला एक चाल सोडून दुसरी पकडायची, कुठे पट्टी बदलायची, म्हणजे थकलेल्या पायांत परत जोर येतो. लाल पेन फिडलचं, हिरवं गिटारचं, निळं पेटीचं. माझ्या विद्यार्थ्यांनी इतक्या स्वच्छ वह्या मला जन्मात दिल्या नाहीत. भजनाची खोड घालवायला मात्र वर्ष गेलं. ते आठ मोजणं तिथूनच आलं. हाताला मधे थांबायची, मागे फिरायची मुभाच द्यायची नाही म्हणून पायालाही द्यायचे नाहीत.

नवीन बांधणी तयार झाली की तपासायला आमचा हॉल. सोफा भिंतीला लावायचा, एका बाजूला मी आणि अविनाश, दुसऱ्या बाजूला ऋचा आणि तिचा जोडीदार म्हणून इस्त्रीचं टेबल. अविनाशला डावं-उजवं कळत नाही हे मला लग्नानंतर सतरा वर्षांनी त्या हॉलमध्ये समजलं. तो दर वेळी इस्त्रीच्या टेबलाशी गिरकी घ्यायला जायचा. ऋचा तोंड झाकून म्हणायची, "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग," आणि तीच सगळ्यात नीट चालायची. परब पेटीवरून ओरडायचे, "अविनाश, बायको तिकडे!" एवढ्या वर्षांत आम्ही नवराबायको इतका वेळ हात धरून कधी उभे राहिलो नव्हतो, हेही सांगून टाकते.

आणि दर शुक्रवारी सकाळी आठ वाजता, कुडाळला साडेदहा झालेले असताना, परबांचा फोन. बिल्डिंगच्या भिंती पातळ. "मालू, फोन जमिनीवर ठेव. चपला घातलंस? हां, चार बटाटे!" फिडलवाले नाच सुरू करण्याआधी चार ठोके देतात, लय कळावी म्हणून, त्याला ते लोक चार बटाटे म्हणतात. का, ते त्यांनाच ठाऊक. ते झाले की पेटी सुरू. पलंगापासून ओटीपर्यंत बत्तीस पावलं, पहिलं कडवं दोनदा. ओटीवरून परत बत्तीस, दुसरं कडवं दोनदा. फोन जमिनीवर, कारण व्हिडिओची रेंज कुडाळात टिकत नाही आणि परबांना चेहऱ्यापेक्षा पावलं हवी होती. पेटी वाजवता वाजवता कान फोनला लावून ऐकायचे.

पहिल्यांदा मालतीताई ओटीपर्यंत जाऊन परत आल्या त्या दिवशी परबांनी अख्ख्या बिल्डिंगला खजूर वाटले. सौदीत खजूर वाटणं म्हणजे कुडाळात पाणी वाटण्यासारखंच, पण त्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही. त्या वर्षी गणपतीला गेले तेव्हा समोर बसून वाजवलं आणि स्वतःच्या डोळ्यांनी तिला चालताना पाहून आले. एक सव्वा वर्ष असं छान गेलं.

यंदा प्लांटचं शटडाउन, म्हणजे सगळं बंद ठेवून करायची मोठी दुरुस्ती, नेमकं गणपतीच्या महिन्यात आलं आणि परबांची रजा पुढे ढकलली गेली. जुलैत शाळेला सुट्टी लागली, मी कोल्हापूरला निघाले. परब बॅग घेऊन दारात. "वहिनी, कोल्हापूरहून घाट उतरलं की आमचंच गाव. एवढं मालूला द्याल?" बॅगेत पिस्ते, गुडघ्याला लावायचं मलम, आणि एक नवीन वही. वहीत सगळ्या चाली, कुणी वाजवणारा मिळाला तर असाव्यात म्हणून. मला म्हणाले, "जमलं तर शुक्रवारी जा. कशी चालते बघा आणि मला सांगा."

मी शुक्रवारीच गेले. दहाला पोचले. शालनने दार उघडलं, मला बघून तिचा चेहरा उतरला. आत मालतीताई पलंगावर. मी त्यांना पूर्वी फोटोत पाहिलेलं, ती बाई ही नव्हतीच. एका कुशीवर वळायलाही शालन लागत होती. पाय उशीवर ठेवलेले, सुकलेले. मी विचारलं, कधीपासून? शालन म्हणाली, एप्रिलच्या शेवटापासून. एकदा न्हाणीघराच्या दारात पडल्या, त्यानंतर उभं राहणंच संपलं.

मी काही बोलायच्या आत साडेदहा झाले आणि फोन वाजला. मालतीताईंनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं. ते बोटही धड ओठांवर टिकत नव्हतं. शालनने पलंगाखालून मालतीताईंच्या चपला काढल्या, स्वतःच्या पायात घातल्या, फोन जमिनीवर ठेवला. परबांचा आवाज आला, ठोके आले, पेटी सुरू झाली. आणि शालन चालायला लागली, ओटीपर्यंत आणि परत, पदर खोचून, खाली मान घालून. मालतीताई डोळे मिटून पडल्या होत्या. शेवटची आठ पावलं राहिली तशी त्यांनी श्वास जोरात घ्यायला सुरुवात केली. धापा टाकायला. पेटी थांबली आणि त्या धापेतूनच म्हणाल्या, "झाली हो चौसष्ट. आज जरा दमलंय."

"शाबास गो," तिकडून परब म्हणाले. "पुढल्या शुक्रवारी नवी चाल."

फोन बंद झाल्यावर मालतीताईंनी माझा हात धरला. आवाज अगदी बारीक झालेला, कान जवळ न्यावा लागला. "बाय, तेंका सांगू नको हां. तेंका कळला तर पेटी बंद करतले. मगे आठवडोभर करतले काय ते, त्या वाळवंटात?"

मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. मी कबूल केलं, नाही सांगत. शालनने केलेले घावणे दोनच खाल्ले आणि निघाले.

ऑगस्टच्या शेवटी परत जुबैलला. परब दारातच उभे, डोळ्यांत नुसती वाट बघणं. मी बॅगा आत टाकतानाच म्हटलं, "छान चालतात की. ओटीपर्यंत गेल्या, आल्या. जरा धाप लागली एवढंच." पाढा म्हणावा तसं म्हणून टाकलं. ते "बरं बरं" म्हणाले आणि गेले.

दोन दिवसांनी संध्याकाळी मला चहाला बोलावलं. अविनाश शिफ्टवर होता. चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "वहिनी, चपला कुणाच्या पायात होत्या?"

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"त्या शुक्रवारी तुम्ही तिथे होतात. चालत कोण होतं?"

वर्गात कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखी मी मान खाली घातली. तेच पुढे बोलायला लागले, अगदी शांतपणे, व्हॉल्व्हमधला बिघाड समजावून सांगावा तसं.

"मालूचा डावा पाय उशिरा पडतो. उजवा ठोक्यावर, डावा केसभर मागून. आजाराच्या आधीपासून तसंच. सप्तपदीलाही भटजी पुढे, मी पुढे, ही मागे. मी या सगळ्या चाली बांधल्या ना, त्यात दर दुसऱ्या ठोक्यानंतर जरा जागा सोडलीय. तिच्या डाव्या पायासाठी. गुरुवारी तिकडे फिडलवाला माझ्यावर चिडतो, परब मागे पडतो म्हणून. पडू दे. तर मे महिन्यात एका शुक्रवारी डावा पाय बरोबर ठोक्यावर आला. मी म्हटलं, वा, सुधारली. दुसऱ्या कडव्यालाही बरोबर. परत येतानाही बरोबर. तेव्हा कळलं, ही मालू नाही."

"आणि तुम्ही गप्प बसलात? चार महिने?"

"ती धापा टाकते, वहिनी," ते म्हणाले. "पडल्या पडल्या धापा टाकते माझ्यासाठी. ते मी कसं मोडू?"

मग मात्र माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, भाऊजी, शटडाउन गेलं खड्ड्यात, तुम्ही घरी जा. एवढी वर्षं केलीत, कंपनी तुमच्यावाचून बुडत नाही. त्यावर ते काय म्हणाले ते मला अजून तसंच ऐकू येतं. "गेलो तर तिला माझ्या डोळ्यांदेखत पडून राहावं लागेल. आत्ता आठवड्यातून चार मिनिटं तरी ती चालते. मला वाटतं म्हणून का होईना, चालते."

"ती चालत नाही. शालन चालते," मी म्हटलं. "आणि त्या बाईच्या आठवड्यालाही सातच दिवस असतात. तुमची चार मिनिटं सोडली तर बाकी सगळा वेळ ती छताकडे बघत पडलेली असते. तिथे तुम्ही नाही, पेटी नाही, कोणी नाही. तुम्ही दोघांनी एकमेकांना जपता जपता त्या शालनला वेठीला धरलंय, आणि मलाही."

एवढं बोलायला नको होतं बहुतेक. ते उठले, माझा रिकामा कप आत घेऊन गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला. मी दार लोटून निघून आले.

शुक्रवारी सकाळी पावणेआठला त्यांनीच बेल वाजवली. "वहिनी, जरा येऊन बसता? मला एकट्याला जमणार नाही."

मी जाऊन सतरंजीवर बसले. पेटी समोर, वही कुठेच नाही. फोन लावला. तिकडून मालतीताईंचा बारीक आवाज, "चपला घातलंय हां." आणि मग फोन जमिनीवर ठेवल्याचा आवाज.

"मालू," परब म्हणाले, "आज चालू नको. शालनलाही बसव. फोन उशीकडे घे आणि पडून आयक."

मला वाटलं रेंज गेली. मग फोन उचलल्याची खसखस झाली आणि मालतीताई अगदी कानाशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तुमका कधीपासून म्हायत?"

"मे म्हयन्यापासून."

"मगे बोल्लात कित्याक नाय?"

"तू तरी खय बोल्लंस?"

मागे शालन रडत होती, ते ऐकू येत होतं. मालतीताई रडत नव्हत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कधी येतल्यात?"

परबांनी माझ्याकडे बघितलं. बोलायची पाळी माझी नव्हती. ते म्हणाले, "कालच कागद दिलंय. फायनल एक्झिट. इकामा, सह्या, सगळा होवक महिनो लागतलो." मला हे माहीतच नव्हतं. अविनाशलाही नव्हतं.

"बेगीन येवा," मालतीताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता वाजवा बघू."

परबांनी हात पट्ट्यांवर ठेवला आणि दुसरा भात्याकडे नेला, पण तो भात्यावर ठरेना. चाळीस माणसांना रांगेत चालवणारा हात, मालतीताईंच्या हातासारखाच हलत होता. मी सरकून पुढे झाले आणि भाता मी ओढायला लागले. पेटीचा भाता मी जन्मात धरला नव्हता. कधी वारा जास्त जायचा, कधी सूर मेल्यासारखा व्हायचा. परब एका हाताने वाजवत राहिले, अगदी संथ, एक ओळ झाली की तीच परत घेत, आणखी एकदा, आणखी एकदा. मोजत काहीच नव्हते.

तिकडून मधून मधून मालतीताई "हं" म्हणायच्या, जागी आहे हे कळावं म्हणून. मग "हं"ची अंतरं वाढली. मग यायचेच थांबले.

परबांनी एकदम हात उचलला. "मालू?" ते फोनवर वाकले. "शालन, बघ गे. बघ ताईक."

शालनचा आवाज आला, रडून जड झालेला. "काय नाय, भावोजी. झोपली. घोरता आसा."

"फोन तिच्याकडेच रवांदे," परब म्हणाले. त्यांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. मी उठून घरी आले, अविनाशला उठवलं, पोहे केले. तासाभराने बशी घेऊन परत गेले तेव्हा परब पेटीला टेकून तसेच बसलेले होते, आणि फोन कानालाच होता.